जर्मन आक्कांची मालकीची वाक्यं

मालकीच्या बाबतीत जर्मन आक्का फार कडक होत्या. जर्मन वाक्याचं मराठी करताना कुणी 'माझ्याकडे दोन भाऊ आहेत' असं म्हटलं, की त्या खडू खाली ठेवत. "भाऊ काय कपाटात ठेवलेत? 'मला दोन भाऊ आहेत' म्हण. वस्तू 'माझ्याकडे', माणसं 'मला'." पहिल्याच दिवशी त्यांच्या तावडीत सापडले ती मी. मोहोळजवळच्या खेड्यातून आलेली, नर्सिंग केलेली आणि जर्मनीतल्या नोकरीवर डोळा ठेवून बसलेली.

सोलापूरच्या पूर्व भागात आक्कांच्या वडिलांचं घर होतं. खाली बंद पडलेले माग, त्यामागे धाकटा भाऊ शीनू, त्याची बायको आणि मुलगी. वरच्या पत्र्याच्या खोलीत आक्का राहत आणि तिथेच शिकवत. त्यांनी लग्न केलं नव्हतं. पुण्यात एका कंपनीत भाषांतराचं काम करत होत्या. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा ते सोडून आल्या आणि शेवटपर्यंत त्यांचं सगळं केलं.

घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, वर्गात जर्मन. शिवाय वाचून वाचून आणखी चार-पाच भाषांचं व्याकरण त्यांना ठाऊक होतं. म्हणायच्या, "जर्मन माणूस घर, भाऊ, ताप, भूक सगळ्याला एकच 'हाबे' लावतो, म्हणजे 'मी बाळगतो'. सगळं मुठीत धरल्यासारखं. रशियन जरा आपल्यासारखा. तो 'माझ्यापाशी आहे' म्हणतो. फ्रेंच माणसाला 'हे माझं' म्हणायचं असलं, तर तो 'हे मला आहे' म्हणतो. आणि फिनलंडमधला चक्क म्हणतो, 'माझ्यावर घर आहे.' आपल्यात माणसावर नुसती जबाबदारी असते."

आम्ही हसायचो. पेशंटची वाक्यं शिकवताना त्या सांगत, "जर्मन माणूस 'माझे हात धुतो' म्हणत नाही, 'मला हात धुतो' म्हणतो. जे खरंच आपलं असतं, ते माझं आहे असं सांगावं लागत नाही." हे वाक्य त्यांचं आवडतं होतं. पुढे त्यांनी ते म्हणायचं सोडलं.

एकदा वर्ग चालू असताना शीनू वर आला. माग थांबल्यापासून तो नवी पेठेत एका कापडाच्या दुकानात कामाला जात होता. घर बिल्डरला द्यायचं त्यानं ठरवलं होतं आणि त्यासाठी आक्कांचं हक्कसोडपत्र हवं होतं. एरवी बहीणभाऊ तेलुगूत बोलत. त्या दिवशी, आम्हाला कळावं म्हणून की काय, तो मराठीत बोलला.

"आक्का, सही कर. माणूस खाली थांबलाय."

"वर्ग संपू दे."

"बहिणी करतातच की सह्या. आत्यानं नव्हती केली?"

"आत्याला कुणी विचारलं होतं का?"

शीनू आमच्याकडे बघून ओशाळला. वाईट माणूस नव्हता तो. आवाज खाली आणून म्हणाला, "मला मुलगी आहे, आक्का. तिचं शिक्षण कसं करू?"

आक्का फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मला ही खोली आहे."

खोलीला 'मला' लावलेलं त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. कुणी हसलं नाही.

सही त्यांनी केली नाही. रोज संध्याकाळी वाटीभर आमटी घेऊन वर येणारी भाची यायची थांबली. भावजय जिन्यात दिसली तर मान वळवायची. मी एकदा धीर करून म्हणाले, "आक्का, तुमचं बराबर हाय. सही करू नगा." त्यांनी माझं बोलणं सुधारलं नाही. म्हणाल्या, "बरोबर असून काय करू गं? एकटीला जेवण जात नाही."

बिल्डरनं दुसरीकडे जागा बघितली. शीनूला भिवंडीत मागावर काम मिळालं. टेंपो भरला तेव्हा आक्का खाली उतरल्या. भाचीनं वाकून नमस्कार केला. शीनूनं दाराला कुलूप लावलं तेव्हा आक्कांनी हात पुढे केला, पण त्यानं किल्ली खिशात टाकली. "माझ्याकडे राहू दे," म्हणाला. व्याकरण अगदी बिनचूक होतं. आक्का जिना चढून वर आल्या आणि आम्हाला पुढचा धडा उघडायला सांगितला.

मी जर्मनीला आले. वॉर्डात दिवसभर 'हाबे, हाबे' चालतं. फोनवर आक्का माझ्या चुका काढतात, नव्या मुलींच्या गमती सांगतात. भावाचा विषय मी काढला की रेंज नाही म्हणून फोन ठेवतात.

गेल्या सुट्टीत मी सकाळीच त्यांच्याकडे गेले. आक्का खाली होत्या, केस पिकलेले, हातात रांगोळीचा डबा. शीनूचं कुलूपबंद दार त्यांनी पुसून घेतलं होतं. उंबऱ्यापुढे सडा घातला होता आणि गुडघ्यावर हात टेकून त्या रांगोळी काढत होत्या. जिन्यापाशी, त्यांच्या स्वतःच्या वाटेवर, काही नव्हतं.

"शीनूभाऊ येणार हायत व्हय?" मी विचारलं.

"नाही," त्या मान वर न करता म्हणाल्या. "दारापुढं काही नसलं की लोकांना वाटतं, घर रिकामं आहे. रिकामं नाही. ते परगावी गेलेत."