पासलीच्या खिडकीची काच

गोरखचं काचेचं दुकान शिवऱ्यात, हायवेला लागून. जिन्याला, बाथरूमला तो टफन काच देतो. फुटली तर तिचे दाणे होतात, सुरे होत नाहीत. चोराची भीती असेल तिथे लॅमिनेटेड; दोन काचांमध्ये पातळ पडदा असतो, फुटली तरी जागेवरच धरून राहते. पासली गावातल्या आईवडिलांच्या घरासाठी त्याने टफन निवडली. खिडकीबाहेर अंगण, अंगणात बैल बांधलेले, त्यांचं शिंग कधीही लागेल; आणि पलीकडे भातखाचरं.

काच आईसाठी होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून साळूबाई खाटेवरच होत्या. पश्चिमेच्या त्या खिडकीला पावसाळाभर झड, म्हणजे पाऊस अडवणारी गवताची ताटी, बांधतात, त्यामुळे आत अंधार. यंदाची लावणी पडल्या पडल्या दिसावी, एवढीच त्यांची मागणी.

मे संपताना गोरख टेम्पोतून काच घेऊन गेला. जुनी खिडकी काढून लावायला घेतली तर वर बसली, खाली बोटभर अडली. बंगल्यातल्यासारखं त्याने माप फक्त वरून घेतलं होतं. मातीच्या भिंतीला खाली पोट सुटलेलं असतं, हे त्याच घरात वाढलेला माणूस विसरला.

"कडेनं काप की," वडील सावळाराम म्हणाले.

"टफन कापता येत न्हाई, आबा. कटर लावला की चुरा. भिंतच जरा तासू."

"पाऊस तोंडावर आलाय, आन् भिंत तासतोस? माजी भिंत न्हाई वाकडी. तुजी काच लई सरळ हाय."

साधी लॅमिनेटेड जागेवर कापता येते. गोरखने ती मागवली. ती येईपर्यंत पाऊस लागला आणि आबांनी झड बांधली.

जुलैत एका सकाळी आईचा फोन आला.

"झड सोडाया लावली तुज्या बापाला. गोधडी भिजली. भिजंना का! लावणीच्या इर्जिकीला गावातली समदी हात लावाया आल्यात. सिद्धनाथ मागं पडलाय, बयाबाई त्याला शिव्या घालतीया."

"रांगेत माज्या जागंवर कोन हाय?"

"मानसिंग."

"नीट लावतोय का?"

"लावतोय की. तुज्यापरीस हात चलाख हाय त्याचा."

दुकानाच्या दारात गिऱ्हाईक ताटकळत होतं. गोरखने त्याला हातानेच बसायला सांगितलं.

"फोन ठेवू नगंस, आई. आता कुठवर आली लावणी?"