सामाईक भिंतीतलं दार

नाचणगावच्या बाबारावांचं तोंड दुधानं कधी पोळलं नव्हतं, तरी ते ताक फुंकून पीत. पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत गेटवर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशव्या तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. माणूस निवृत्त झाला, पण सवय काही निवृत्त झाली नाही. जुनं घर दुरुस्तीला काढलं, तर संध्याकाळी घरी निघालेल्या रुपेश मिस्त्रीचा रिकामा डबासुद्धा ते उघडून पाहत. बायको नलू लाजेनं आत निघून जाई.

शेजारच्या अनुसयाबाईंवर तर त्यांचा खास डोळा. दोन्ही घरांना मधली भिंत एकच. म्हातारी ऐंशीच्या पुढची, मुलगा भूपेंद्र नागपूरला. तरी एक दिवस ही माणसं भिंतीवर हक्क सांगणार, हे बाबारावांनी मनाशी पक्कं धरलेलं.

आणि नेमकी तीच भिंत रुपेशच्या छन्नीखाली पोकळ वाजली. विटा काढल्या तर आत सागवानी चौकट, फळ्यांसकट अख्खं दार!

बाबारावांनी लगेच हिशेब मांडला. दार निघालं म्हणजे वहिवाट निघाली. भूपेंद्र वकील घेऊनच उतरेल, आणि ज्या खोलीवर स्लॅब टाकायचा तीच वादात अडकेल.

"बुजव लवकर. अन् गावात बोलू नको."

मग त्यांची नजर कडीवर गेली. कडी आपल्या बाजूला! म्हणजे पलीकडून हे दार उघडताच येत नव्हतं. मग कसली वहिवाट? एकदाचा सोक्षमोक्ष लावावा म्हणून रुपेशला साक्षीला ठेवून त्यांनी अनुसयाबाईंनाच बोलावलं.

"पाह्य मोठीमाय, कडी कोणाकडं हाये."

म्हातारीनं कडीवरून हात फिरवला आणि तिथंच विटांवर टेकली. "तुह्या मायकडं. देवका बाळंतीण झाली अन् तापानं फणफणली. अंगावर दूध नाई. माहा भूपेंद्र तवा पितच होता. तुहा बाप कामावर गेला का देवका कडी काढे, मी येऊन तुले पाजे."

ही नवीच युक्ती दिसते, बाबारावांच्या मनात आलं. आधी दूध, मग भिंत.

"मंग बुजवलं काऊन?"

"एक दिवस तुह्या बापानं दार उघडं पाह्यलं. म्हणे, इथून माही जवारी जाते. कोणाचं ऐकलं नाई, त्याच दिवशी विटा लावल्या. मी समोरून आली, तं वट्ट्यावरूनच हाकललं. तू इकडं रडे, अन् तिकडं माही चोळी भिजे. मंग तुले शेळीच्या दुधावर जगवलं."

जवारीचं ऐकलं आणि बाबारावांची खात्री पटली. बाप हेच बोलला असणार. त्याच्या जागी ते असते, तर तेही हेच बोलले असते. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मले आजवर सांगतलं नाई?"

"तुले वाटलं असतं, म्हातारी भिंत मागून राह्यली."

बाबारावांचे डोळे भरून आले. "हे दार ठेवू का, मोठीमाय?"

अनुसयाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"आता कायले रे? आता इकडं कोणतं लेकरू रडते?"