खसखशीशिवायचा पुरीम

मंडळी, ओट्यावर अजून पीठ सांडलेलं आहे, पण हे आत्ताच सांगायचंय.

आम्ही अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. आज आमचा पुरीम. या सणाला आई सारण भरलेली त्रिकोणी बिस्किटं भाजते, आणि सारण खसखशीचंच. कुवेतमध्ये खसखस आणायला बंदी, हे तर इथे सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी फोनवर आई म्हणाली, "खसखस नाही, तर कशाला घाट घालतेस? यंदा राहू दे."

तिथेच माझं डोकं फिरलं. कुवेतला आल्यापासून सहा वर्षं राहूच देतेय!

इथल्या फिंतास भागातल्या क्लिनिकमधली ड्युटी संपवून येताना खजूर घेतला. वेलची घालून सारण केलं. पहिल्या ट्रेमधली सगळी बिस्किटं ओव्हनमध्ये उलगडली, खजूर बाहेर. नवरा म्हणाला, "आता विकतचं काहीतरी आणू या." मी म्हटलं, "तू फक्त चहा कर." दुसरा ट्रे खालून करपला. तिसऱ्या वेळी कडांना दूध लावलं आणि करंजीला घालतो तशी मुरड घातली. एकही फुटलं नाही!

व्हिडिओ कॉलवर आईने एक बिस्कीट मोडून दाखवायला लावलं. कडेची मुरड कॅमेऱ्याजवळ धरायला सांगितली. मग म्हणाली, "खजूर किती घेतलास गं? थांब, लिहून घेते."

जन्मभर सगळं अंदाजाने करणारी माझी आई वही शोधत होती!

तुमच्या आईने तुम्हाला कधी कृती विचारली आहे का?