आधी मी, मग गिऱ्हाईक

दुकानात नवी बाटली आली की भाऊ ती आधी ट्यूबलाइटसमोर धरायचे. उलटी करायचे, सुलटी करायचे, गाळ कसा बसतो ते बघायचे. मग झाकणात ओतून, डोळे मिटून एका घोटात घ्यायचे. मनगटानं मिशी पुसायची आणि समोर जे कोण उभं असेल त्याला सांगायचं, "आधी मी, मग गिऱ्हाईक."

रहाटणीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. नाव लिहीत नाही, त्यांच्या बायकोला आवडायचं नाही. तसंही नावानं त्यांना कोण ओळखत होतं? सगळ्यांचे भाऊच. साखर, चहापत्ती, साबण हे तर होतंच, पण त्यांचा जीव मागच्या काचेच्या कपाटात. तिथं बाम, चूर्ण, ग्राइप वॉटर, गुडघ्याचं तेल, केसांचं तेल, भूक लागायचं टॉनिक आणि भूक मारायचं टॉनिक, तीही शेजारीशेजारी. डॉक्टरची चिठ्ठी न लागता जे काही बाटलीत मिळतं ते सगळं.

आणि ते सगळं त्यांनी स्वतः घेऊन बघितलेलं. थट्टा नाही करत मी. ग्राइप वॉटरसुद्धा! एकदा बायकांच्या महिन्याच्या तक्रारींचं टॉनिक आलं, तर तेही प्यायले. आम्ही बायका दुकानात उभ्या, हसून हसून डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "भाऊ, तुम्हाला कसला गुण यायचा याचा?"

तर गंभीर तोंडानं म्हणतात, "कडू आहे वहिनी. पण पोट बिघडत नाही. एवढं मी सांगतो, पुढचं तुम्ही सांगायला यायचं."

हे सांगायला येणं म्हणजे त्यांचा कायदाच. औषध नेलं की आठवड्यानं येऊन गुण आला की नाही ते सांगायचं. नाही आलात तर रस्त्यात गाठणार. माझ्या जावेला त्यांनी भर लग्नाच्या मांडवात विचारलं होतं, "काय वो, जुलाब थांबले का?" ती बिचारी नऊवारी नेसून आहेराचं ताट घेऊन उभी. तेव्हापासून ती त्यांच्या दुकानाच्या पलीकडच्या फुटपाथनं जायची.

ही खोड कंपनीतली. लातूरकडनं ऐन उमेदीत इकडं आले आणि एका कारखान्यात क्वालिटीला लागले. तयार पार्ट हातात घ्यायचा, माप लावून बघायचं, बरोबर असला तर पुढं, नसला तर त्यावर लाल फुली मारून बाजूला. कारखाना बंद पडला, भाऊंनी दुकान टाकलं, पण माणूस क्वालिटीतच राहिला. "आपल्या हातनं तपासल्याबिगर माल पुढं जायचा नाही," म्हणायचे. मला सांगा, तुमच्या गल्लीत आहे असा दुकानदार? म्हणून तर माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पुढचं ऐका.

एक दिवस टाय लावलेला एक एजंट मोटारसायकलवरनं आला. साखरेच्या आजारावरची बाटली घेऊन. बाटलीवर पांढऱ्या दाढीचा ऋषी, त्याच्या हातात पान, खाली मोठ्या अक्षरांत 'गोळ्यांपासून कायमची सुटका'. बाटलीचं नाव मी लिहिणार नाही, मेल्यांची शिव्या देतानाही जाहिरात होते. मी गूळ घ्यायला उभी होते. एजंट भाऊंना 'सर' म्हणत होता. "सर, तुमच्यासारखे अनुभवी लोक पाहिजेत." "सर, या भागात तुमच्या शब्दाला किंमत आहे."

भाऊंचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. जन्मभर दुसऱ्यांना सर म्हटलेला माणूस, त्याला कुणीतरी सर म्हणत होतं. त्यांनी स्टूल पुसून एजंटला बसायला दिलं, चहा मागवला आणि माझा गूळ तोलायचा राहिला तो राहिलाच.

भाऊंना स्वतःला शुगर होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या चालू होत्या, सगळं ताब्यात होतं. आता बाटली आली म्हणजे ती आधी भाऊ घेणार हे ठरलेलं. पण या वेळी त्यांनी काय करावं? गोळ्या बंद केल्या.

मला कळलं तशी मी दुकानात जाऊन भांडले. "भाऊ, गोळ्या कशाला सोडल्या?"

ते मला शाळेत बसवल्यासारखं समजावायला लागले. "वहिनी, दोन्ही एकदम घेतलं तर गुण कशानं आला ते कसं कळणार? कंपनीत आमाला शिकवलंय, एका वेळी एकच गोष्ट बदलायची."

"अहो, तिथं लोखंड होतं! हे तुमचं अंग आहे!"

"मग तर जास्तच नीट तपासाया पायजे की वो."

"मग रक्त तरी तपासा."

"कोर्स पुरा झाल्यावर. मधेच तपासलं तर आकडा चुकीचा येतो, एजंटसाहेब म्हणालेत."

बघा! तपासणाऱ्या माणसाला तपासू नका म्हणून सांगितलं, आणि त्यानं ऐकलं. कारण सांगणारा सर म्हणत होता.

आमच्या ह्यांनाही शुगर आहे. ह्यांनी दुकानात जाऊन हळूच बाटली मागितली. भाऊंनी साफ नकार दिला. "माझं बघून व्हायचंय. तोवर कुणालाच नाही." एजंटनं ठेवलेला बाटल्यांचा खोका कपाटाखाली तसाच. लोक मागायचे, भाऊ मान हलवायचे. आज माझं कुंकू शाबूत आहे ते त्या नकारामुळं, हे मला विसरता येत नाही.

भाऊ बारीक व्हायला लागले. शर्ट खांद्यावरून उतरायला लागला. घसा सारखा कोरडा, काउंटरवर पाण्याचा तांब्या. मी म्हटलं, "भाऊ, ही लक्षणं बरी नाहीत." तर पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं मला कौतुकानं दाखवतात! "हलकं वाटतंय वहिनी." नेमका तेव्हाच तो टायवाला आला. त्यालाही तेच सांगितलं, हलकं वाटतंय. त्यानं मोबाइल काढला, भाऊंच्या हातात बाटली दिली, "सर, थोडं हसा," म्हणाला आणि फोटो काढून घेऊन गेला. भाऊंनी त्यासाठी भांग पाडला होता.

मग ती सकाळ. मी दूध घ्यायला गेले होते. भाऊ खोकी सरकवत इकडून तिकडं फिरत होते. खाली बघते तर फरशीवर ते जातील तिथं लाल ठसे. मी ओरडले, "भाऊ, रक्त!"

त्यांनी खाली पाहिलं आणि मला विचारलं, "कुणाचं?"

खोक्याचा खिळा चप्पल फोडून पायात घुसला होता आणि त्या माणसाला पत्ता नव्हता. मी आणि त्यांच्या बायकोनं त्यांना धरून रिक्षात घातलं. वाटेत बायको रडत होती आणि भाऊ तिला समजावत होते, "अगं, दुखतच नाही तर रडायलीस कशाला?" दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी शुगर बघितली, मग पाय बघितला आणि खुर्चीतून उठूनच उभ्या राहिल्या. तो खिळा आजचा नव्हता, रक्त तेवढं आज दिसलं. पाय आतून सडत आलेला.

मोठ्या दवाखान्यात नेलं. पाय काढला. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. मी डबा घेऊन जायची. शेवटचं भेटले तेव्हा आवाज खोल गेला होता. मला जवळ बोलावलं. मला वाटलं बायकोबद्दल काही सांगतील. तर म्हणतात, "वहिनी, कपाटाखालचा खोका परत पाठवा. माल रिजेक्ट आहे. जिथं जिथं गेला असंल, तिथं सांगायला पायजे."

"सांगते भाऊ."

"आणि तुमच्या मालकांना, आमच्या दादांना, गोळ्या चालू ठेवा म्हणावं."

पायाचं विष अंगात भिनलेलं. भाऊ गेले. खोका न्यायला तो टायवाला आला तेव्हा मी दुकानातच होते. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आजी, आम्ही गोळ्या बंद करा असं लेखी कुठंच दिलेलं नाही." बाटलीवरची ओळ मी त्याच्या नाकासमोर धरली. तर म्हणे, "ती जाहिरातीची भाषा असते." आणि खोका मागं बांधून निघून गेला. सडलेल्या पायाला कसली भाषा असते, ते त्याला विचारायचं माझ्या तोंडातच राहिलं.

दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तेही सोसलं असतं मी. पण मध्यंतरी मुलीकडं निघोज्याला गेले होते. जावई चाकणच्या कंपनीत आहेत. नातीला पेन्सिल घ्यायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि दारातच थबकले. हातभर लांबीचा बोर्ड. त्यावर भाऊ. भांग पाडलेले, हसणारे, हातात ती बाटली. शेजारी छापलेलं, 'माझी शुगर गायब! मी स्वतः घेतो, मगच गिऱ्हाइकाला देतो.'

त्यांनी फक्त हलकं वाटतंय म्हटलं होतं हो. आणि एकही बाटली विकली नव्हती. माणसाचा सगळा खरेपणा मेल्यांनी बाटलीला चिकटवून टाकला. फोटो कमरेपर्यंतच होता. पाय कुठं कुणाला दिसतात?

मी दुकानदाराला म्हटलं, "हा बोर्ड उतरवा. हे गेले. याच औषधानं गेले."

"आसं कसं आजी? त्ये तर ठणठणीत हायेत. बघा की, हसत्यात."

"मी त्यांच्या मयताला होते!"

"आवो, कंपनीचा बोर्ड हाय. आमाला न्हाई काढता येत." आणि माझ्याशी बोलता बोलताच त्यानं कपाटातून ती बाटली काढून एका बाईच्या पिशवीत घातली.

मी त्या बाईचा हात धरला आणि तिथंच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. खिळा, फरशीवरचे ठसे, सगळं. तिनं बाटली परत काउंटरवर ठेवली. दुकानदार तणतणायला लागला. मी म्हटलं, "थांबा, मला गिऱ्हाइकी करायची आहे. लाल नेलपॉलिश द्या."

त्यानं दिली. मी झाकण उघडून बोर्डापाशी गेले. भाऊंच्या तोंडाला, भांगाला, हसण्याला धक्का लागू दिला नाही. हातातल्या बाटलीवर तेवढी ठसठशीत लाल फुली मारली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"आजी! आवो, काय केलंत ह्ये?"

"यांचा निरोप होता," मी म्हटलं, "तो पोचवला."