बाबांसाठी काढलेला उंबरा

बेलापूरच्या ऑफिसातला आमचा अख्खा विभाग एका शुक्रवारी बंद झाला, आणि सोमवारी मी चौलजवळच्या माझ्या माहेरच्या घरात भिंत खरवडत होते. नोकरी गेल्याचं दुःख करायला वेळच मिळाला नाही, कारण एक पोपडा ओढला की त्याच्यामागून अर्धी भिंत यायची. नवरा म्हणाला, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी." मी म्हटलं, "ये तूपण, एक तुंबडी तुलाही लावते." तो पनवेललाच राहिला.

घाई होती ती बाबांसाठी. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून ते आणि आई पनवेलला आमच्याकडे होते. बाबा वॉकर घेऊन चालायचे, पण उजवा पाय फरफटत. व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या. "काका, पाय उचला, उचला बघू," म्हणून त्यांचा घसा बसायचा, आणि बाबा त्यांच्याकडे असे बघायचे की जणू बाईंनी त्यांची वाडी लिहून मागितली आहे. पाय जमिनीवरच. संध्याकाळ झाली की मात्र एकच विचारायचे, "घरी कधी जायचं?" एकदा मी चिडून म्हटलं, "मग हे काय आहे? धर्मशाळा?" ते म्हणाले, "हे तुझं घर."

त्या रात्री मी भांडी जरा जास्तच आपटली.

डॉक्टरांनी जायला परवानगी दिली, पण पायरी नको, उंचवटा नको, सगळं सपाट पाहिजे. अडखळून पडले आणि हाड मोडलं तर परत उभे राहणार नाहीत, हे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. म्हणजे घर सपाट झालं तर बाबा घरी, नाहीतर तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत, समोरच्या बिल्डिंगची वाळत घातलेली चादर बघत, शेवटपर्यंत.

मिस्त्री शोधला नाही असं नाही. पण अलिबागपासून इकडे मुंबईवाल्यांचे बंगले उठतायत, त्यामुळे आमच्या भागातला प्रत्येक मिस्त्री सध्या कुणाच्या ना कुणाच्या स्विमिंग पूलमध्ये उभा आहे. फोन केला की "ताई, उद्या येतो." तो उद्या काही उजाडला नाही. शेवटी मोबाइलवर व्हिडिओ बघत मीच थापी हातात घेतली. पहिला गिलावा भिंतीवर कमी आणि माझ्या केसांत जास्त बसला. पडवीच्या पायऱ्यांवर सिमेंटचा उतार केला, तो पहिल्यांदा इतका घसरडा झाला की शेजारणीचा बोका त्यावरून बसल्या बसल्या खाली आला. फोडून परत केला. कमोडला तेवढा प्लंबर बोलावला, कारण काही बाबतींत माणसाने प्रयोग करू नयेत.

शेजारची काकी कमरेवर हात ठेवून रोज पाहणीला यायची. "भिंत वाकडी हाय गो."

"आधीपासूनच वाकडी आहे, काकी."

"व्हय, पण आता दिसते."

सगळं झाल्यावर राहिला उंबरा. ऐनाच्या लाकडाचा, चांगला वीतभर उंच, चौकटीत असा घट्ट की घर नंतर आणि तो आधी असावा. बाबांचा पाय तिथेच अडकणार हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मी करवत आणली.

काकी कुंपणापलीकडून धावतच आली. "अगो, काय करतेस? उंबरा काढतेस?"

"बाबांचा पाय उचलत नाही."

"म्हणून लक्ष्मीला बाहेर काढशील? आणि तेही आज, शुक्रवारचं?"

माझी नोकरीही शुक्रवारीच गेली होती, तेव्हा लक्ष्मीला हा वार नवा नव्हता. पण काकी हटेना. तिने घरून नारळ आणला, उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि माझ्या वतीने माफीही मागितली, "पोरगी अडाणी हाय, शिकलेली हाय, पदरात घे." मग मला म्हणाली, "हां, काप आता." आणि करवतीकडे पाठ करून उभी राहिली.

उंबरा निघाला तेव्हा मला वाटलं होतं त्यापेक्षा फार वाईट वाटलं. लग्नानंतर मी याच उंबऱ्यावरून सासरी गेले होते. तो मागच्या पडवीत नेऊन उभा केला. दार आता दार वाटेना, भिंतीला पडलेलं भगदाड वाटायला लागलं. काकीच्या कोंबड्यांना मात्र ते फार आवडलं. त्या सरळ स्वयंपाकघरापर्यंत येऊन मला बघून जायला लागल्या.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "सकाळचं पाणी कुठे घालू मी? रांगोळी कुठे काढू?" मी म्हटलं, "आई, रांगोळी महत्त्वाची की बाबा?" ती म्हणाली, "असं विचारू नये," आणि फोन ठेवला. बाबांना काही सांगायचं नाही, एवढं मात्र आमचं ठरलं.

शेवटी एका रविवारी सकाळी नवऱ्याने दोघांना गाडीतून आणलं. काकी भाकरतुकडा आणि पाणी घेऊन दारात तयार होती. तिने बाबांवरून ओवाळून टाकलं, डोळ्यांना पाणी लावलं. बाबा वॉकर ढकलत उतारावरून वर आले. उतार टिकला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. आता सपाट लादी, सरळ आत, चिंता मिटली.

दारापाशी बाबा थांबले. त्यांनी वॉकर सोडला. "बाबा, धरा ते!" मी ओरडले, पण ते ऐकतायत कुठे! डाव्या हाताने त्यांनी चौकट धरली, जिथे आयुष्यभर धरली असेल तिथेच, समोर देवघराकडे बघत. खाली पाहिलंही नाही. आणि उजवा पाय उचलला. चांगला वीतभर. हवेतून पलीकडे नेला आणि आत टेकवला. मग डावा.

आई तोंडावर पदर धरून उभी. नवरा हातात बॅगा घेऊन तसाच. काकीच्या हातातलं पाणी तिच्याच पायांवर सांडत होतं, तिला पत्ता नाही.

आत गेल्यावर बाबांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. वळून त्यांनी खाली पाहिलं. "उंबरा कुठाय?"

"काढला," मी म्हटलं. "तुमचा पाय उचलत नाही म्हणून."

त्यांनी आपल्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. झटक्यानंतर त्यांचे शब्द जड येतात, पण हे अगदी स्वच्छ आले. "मग आत्ता काय उचललं मी?"

मी मागच्या पडवीकडे बघितलं.

"परत बसव," ते म्हणाले. "तुला कुठे ऑफिस आहे?" आणि चौकटीवरून भिंतीला हात लावत लावत आपल्या खुर्चीकडे गेले.

उंबऱ्यावर बसू नये म्हणतात. उंबरा नव्हताच, म्हणून मी तिथे फतकल मारून बसले आणि पोटभर रडले.