घसरगुंडीचा दिवा

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तो दिवा पहिल्यांदा पेटला. वेळ पक्की लक्षात आहे, कारण आरूला व्हिटॅमिनचे थेंब द्यायचे होते आणि मी घड्याळाकडेच बघत होते. गाडी घेतली की ती एकटी येत नाही, तिच्यामागून किस्से येतात. आता पाणी भरायला गेलं तरी बायका विचारतात, "काय गो, दिव्याचं काय झालं?" म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

गाडी जुनीच, ह्यांनी यंदा घेतली. हे आठवडाभर ठाण्याला कामाला, गाडी दारात उभी. रविवारीच काय ती निघते. त्या रविवारी आम्ही शहापूरजवळच्या आमच्या गावाहून माझ्या माहेरी, सिद्धगडच्या पायथ्याला निघालो होतो. आरू आठ महिन्यांची झाली, पण माझ्या आईने तिला फोनवरच बघितलेली. आईचे गुडघे गेलेत, तिला एसटीत चढवत नाही.

ह्यांनी चावी फिरवली आणि स्टिअरिंगमागे पिवळं चित्र पेटलं ते विझेचना. एक छोटी गाडी, तिच्यामागे दोन वाकड्या रेघा. मी सातवी शिकलेली, पण चित्र कळायला किती शाळा लागते?

"अहो, गाडी घसरतेय!"

"अगं, दारात उभी आहे ती!"

मी आरूला घेऊन उतरले ते उतरलेच. हा दिवा विझल्याशिवाय माहेरच्या चढावर पोरीला नेणार नाही, असं सांगून टाकलं. आईला फोन केला. ती म्हणाली, "नको घाई करू बाय. मी कुठं जातंय?" ते ऐकून जास्तच लागलं.

*

संध्याकाळी हे म्हणाले, "एक टिकली दे."

मला वाटलं मस्करी करतात. तर माझी मोठी मरून रंगाची टिकली घेतली आणि नेमकी त्या दिव्यावर चिकटवली! "दिसला नाय म्हणजे विझला."

दिवा टिकलीच्या चारी बाजूंनी उजेड पाडायला लागला, देवीच्या मुखवट्यासारखा. सासूबाईंनी खिडकीतून डोकावून बघितलं. "कुंकू लावलंत, आता गाडीची ओटी पण भरा!"

*

पुढच्या रविवारी मुरबाडला बाळा मिस्त्रीकडे. त्याने चाकं खोलली, मातीचे गोळे काढले, वायरी दाबून बसवल्या. दिवा विझला! मी गॅरेजमध्येच हात जोडले. पण तोवर दिवस मावळला, माहेर पुढच्या रविवारवर गेलं.

त्याच्या पुढच्या रविवारी चावी फिरवली, तर दिवा परत हजर. मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, "वहिनी, तुमी लय टक लावून बघता, म्हणून पेटतो तो. जरा खिडकीबाहेर बघत जावा."

*

मग शहापूरचा स्कॅनरवाला. त्याने गाडीला मशीन जोडलं आणि सांगितलं, "मागचं डावं चाक. त्याचा सेन्सर बोलत नाय."

मी विचारलं, "म्हणजे गाडी घसरते ना?"

"नाय हो वहिनी. घसरते का नाय, ते गाडीला कळत नाय. म्हणून ती घाबरून दिवा लावते."

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "घरात एक होती, आता दोन झाल्या!"

नवीन सेन्सर बसवला. दिवा विझला. रविवारी परत पेटला. ह्यांनी स्कॅनरवाल्याला फोन करून सुनावलं, तर तोही तापला. "माझं काम चोख आहे! तुमच्या दारात चाक उपटतं कोण, ते बघा आधी!"

त्या दिवशी मी आरूला झोळीत टाकून गुपचूप रडले. तिला दात फुटायला लागले होते, आणि आई फोनवर विचारत होती, "खालचा आला का वरचा?"

*

मंगळवारी बाळा मिस्त्री आमच्या गावात हळदीला आला होता. जाता जाता दारात थांबला. मी चहा ठेवायला आत गेले, तोच बाहेरून ओरडला, "वहिनीऽऽ! हिकडं या!"

गाडीच्या मागच्या डाव्या चाकाला सासूबाईंची शेळी बांधलेली. ती मी रोजच बघत होते, पण शेळीत काय बघायचं? मिस्त्री खाली वाकून दाखवत होता. दावं चाकामागून आत घालून, चाकामागच्या दांड्याला वेढा देऊन, गाठ मारलेली. शेळी फणसाच्या पानांकडे ओढ घेई, तशी दाव्यात अडकलेली सेन्सरची वायर ताणली जाई. रविवारी गाडी निघायची म्हणून सासूबाई पहाटेच शेळी सोडत, त्यामुळे ह्यांनी ती कधी पाहिलीच नाही!

मिस्त्री म्हणाला, "आजी, गाडीला शेळी बांधतात का?"

सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले. "आधी माझा खुंटा होता तिथं! तो उपटून गाडी उभी केली. मग शेळी कुठं बांधू, तुझ्या डोक्याला?"

मी ठाण्याला कळवलं, तशी ह्यांनी स्कॅनरवाल्याला फोन करून माफी मागितली. तो बराच वेळ हसत होता. मग म्हणाला, "साहेब, आमच्या मशीनमध्ये शेळीचा कोड नाय!"

*

नवीन वायर टाकली, फणसाखाली नवीन खुंटा ठोकला आणि रविवारी निघालो. मुरबाड गेलं, दिवा नाही. डोंगर जवळ आला, दिवा नाही. मी रस्ता बघितलाच नाही, नुसते स्टिअरिंगमागचे काटे बघत होते.

माहेरच्या शेवटच्या चढावर ताजी खडी टाकलेली. चाक सर्रकन फिरलं आणि तो पिवळा दिवा लुकलुकला!

मी किंचाळले, "थांबवा!"

"गप बस. लुकलुकला म्हणजे आता तो काम करतोय. बघ, चाक धरलं त्यानं."

खरंच धरलं. गाडी दमादमाने खडीवरून पुढे गेली, दिवा विझला.

वर बघते तर आई चढ उतरून येत होती. हातात भाकरतुकडा, काठी नाही, पदर वाऱ्यावर.

हे घाबरले. "आई, अहो गुडघे!"

"गुडघे ऱ्हाऊ दे घरी!"

तिने भाकरतुकडा आरूवरून उतरवला, आम्हा दोघांवरून उतरवला, थोडा विचार करून गाडीवरूनही उतरवला. मग आरूला कडेवर घेतलं, तिच्या तोंडात बोट घालून दात चाचपला आणि वरच्या शेजारणीच्या घराकडे तोंड करून हाक दिली, "पारू गोऽऽ! माजी नात आली! वाडीत सगळ्यांना सांग!"