पियानोवर ओतलेलं पाणी

मी स्टुलावरून उठले, मुंबईच्या साहेबानं टाळ्या वाजवल्या, आणि वकिलांच्या आईनं तांब्यातलं पाणी पियानोच्या पट्ट्यांवर ओतलं.

"बैस गो आता. झालं शुद्ध," ती नातीला म्हणाली.

शिंपडलं नाही हो, ओतलं. चांगलं सढळ हातानं. मिशनच्या शाळेचा हॉल माणसांनी भरलेला. वकील पुढच्याच खुर्चीवर. गावात सहभोजनं व्हायची तेव्हा आमच्या पंक्तीला बसून, भाषण ठोकून आलेला माणूस. त्याला नेमकी तेव्हाच बुटाची नाडी बांधायची आठवण झाली.

मी महारवाड्यातली. बापूस लग्नांत सनई वाजवायचा, मांडवाबाहेर उभा राहून. मिशनच्या मडमबाईनं शाळेत माझी बोटं बघितली नि मला पियानोला बसवलं. मी वाजवली ती चीज एका गोऱ्या वादकानं रचलेली. पहिला भाग धावता, मधला संथ, शेवटचा परत धावता. तो वादक एका बड्या पाद्र्याच्या पदरी होता. मैफल त्याच्या जिवावर, पण जेवायला आचाऱ्यांबरोबर बसवायचे त्याला. हे सांगताना मडमबाई रडायची. "एवढा कलावंत, आणि असा अपमान!" मीही रडायचे तिच्याबरोबर. मूर्ख मेली! मला वाटायचं, हिला कळतं.

साहेब परीक्षा घ्यायला आलेला. त्यानं पास केलं की मडमबाई मला मुंबईला धाडणार, तिथं शिकून मी संगीताची मास्तरीण होणार. मला दुसरं काही नको होतं.

वकिलांची पोर बसली. खाऱ्या हवेनं लाकूड आधीच फुगलेलं, त्यात हे पाणी. दाबलेली पट्टी वर येईना. दुसरी दाबली, तीही तशीच. पोर रडायला लागली. कार्यक्रम बंद.

मडमबाईनं मला मागच्या खोलीत नेलं. वाटलं, जवळ घेईल.

"तुला शेवटी बसवायला हवं होतं, चुकलंच माझं," ती म्हणाली. "आता आजींची माफी माग. सगळ्यांसमोर. मग मी तुला मुंबईला पाठवते."

"कसली माफी?"

"त्यांचं मन दुखावलं त्याची."

अंगाची लाही झाली माझ्या. त्या कधीच्या मेलेल्या गोऱ्यासाठी हिच्या डोळ्यांत पाणी, आणि मी समोर जिवंत उभी!

"पाणी मी ओतलं नाही," मी म्हटलं. "मी वाजवलं. वाजवल्याची माफी मागायची नाही मी."

दुसऱ्या दिवशी शाळेतून नाव काढलं. आये म्हणाली, "दोन शब्द बोलली असतीस तर तोंड झिजलं असतं काय गो?" बापूस सनई घेऊन पुढच्या मांडवाबाहेर उभा राहायला गेला.

आज मी खाणीवर जांभ्याचे चिरे वाहते. बोटांचे सांधे सुजलेत, नखं फुटलीत. ती चीज आता माझ्यानं वाजायची नाही. माझ्यामागून महारवाड्यातली एकही पोर त्या स्टुलावर बसली नाही. गाव होतं तसंच आहे, आणि ते बदलेल असं मला वाटत नाही.

परवा मडमबाईचा निरोप आला. पियानो दुरुस्त झालाय, लहान मुलींना शिकवायला बाई हवी. आजींना नुसते हात जोड, मागचं विसरून जाऊ.

निरोप्याला मी चिरा खाली न ठेवता सांगितलं, "म्हातारीनं इथं यावं. मडमेनं यावं, वकिलानं यावं. खाणीवर, सगळ्यांसमोर त्यांनी हात जोडावेत."

येणार नाहीत. ठाऊक आहे मला. चिरे वाहून मरेन, पण मीही जाणार नाही.